आभाळातून पडलेलं पाणी

“पाणी आभाळातनं पडताना बघितलंय मी. पण ते समोरच्याच्या रानात पडतं.”

माझे आजोबा, आमचे तात्या, हे वाक्य पहिल्यांदा १९७२च्या दुष्काळात बोलले, असं आत्या सांगते. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावची विहीर त्या वर्षी तळाला गेली होती. पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज अंगणात ऐकू यायचा. त्यानंतर हे वाक्य घरात म्हणीसारखं रुळलं. ढग दाटून येऊन तसेच पुढे सरकले की अण्णा, म्हणजे माझे वडील, ते म्हणायचे. टँकर पलीकडच्या गल्लीत थांबला की आई म्हणायची. सोलापूरच्या माणसाला यात काही उलगडून सांगावं लागत नाही. त्यामुळे या वाक्याला दुसरा काही अर्थ असेल, हे पन्नास वर्षांत आमच्या कुणाच्या मनात आलं नाही.

घरात आणखी एक वाक्य होतं, ते अण्णांचं. “आमचे वडील कमांडो होते.”

मी या वाक्यावर वाढले. शाळेत ‘माझे आजोबा’ हा निबंध मी त्यावरच लिहिला होता. तात्या गेले तेव्हा, १९८९ साली, मी सहा वर्षांची होते. मला आठवतात ते गिरणीच्या फाटकावर खाकी कोट घालून बसणारे, जवळजवळ न बोलणारे तात्या. झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या लागायचा, त्यावर वाटी पालथी घातलेली असायची. रात्री कितीही उशीर झाला तरी तो भरलाय का हे ते स्वतः उठून बघायचे. कमांडो म्हणजे काय ते मला टीव्हीमुळे माहीत होतं, आणि त्या काळ्या कपड्यांतल्या माणसांशी तात्यांचा चेहरा मी मनातल्या मनात कसाबसा जुळवून टाकला होता.

चार वर्षांपूर्वी गावाकडचं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून त्यांची पत्र्याची ट्रंक खाली आली. सोलापुरात लष्कर भागातल्या आमच्या घरी मी ती रिक्षातून आणली. आत वरच्या बाजूला जुनी चादर, तिच्याखाली डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तळाशी तीन वस्तू. एक डिस्चार्जचं पुस्तक, अर्धं वाळवीनं खाल्लेलं. एक फोटो, ज्यात आठ माणसं उभी आहेत आणि तात्या कोणते यावर अण्णांचं आणि आत्याचं अजून एकमत नाही. आणि पितळेसारख्या रंगाची सहा टोकांची चांदणी. तिची फीत विटली होती, तरी मधला रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात नारिंगी रेघ दिसत होती. हा ‘बर्मा स्टार’. डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्यांना तो मिळाला.

इतकी वर्षं कमांडो कमांडो म्हणत होतो, पण तात्या आफ्रिकेत लढले, इटलीत की आणखी कुठे, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. त्या फितीनं पहिली दिशा दिली. मी शोधायला लागले.

शोधताना पहिले सहा महिने मी चुकीच्या वाटेनं गेले. त्या वाटेवरही जे सापडलं ते सोडवत नाही, म्हणून सांगते.

कमांडो हा शब्द मुळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांचा. इंग्रजांशी लढणाऱ्या त्यांच्या घोडेस्वार टोळ्यांना तो शब्द होता. १९४० साली डंकर्कहून सैन्य माघारी आल्यावर जर्मनांच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर छापे घालायला चर्चिलनी नवी पथकं मागितली, आणि इंग्रजांनी आपल्या जुन्या शत्रूचा शब्द त्या पथकांना दिला. माणसं सगळी स्वतःहून नाव दिलेली. स्कॉटलंडमध्ये अॅकनॅकॅरी नावाच्या जागी पाऊस, चिखल आणि डोंगर यांत त्यांना तयार करायचे. जो टिकेल त्याला हिरवी टोपी, न टिकेल तो आपल्या जुन्या पलटणीत परत.

यातली एक ब्रिगेड जपान्यांशी लढायला हिंदुस्थानात आली. तिच्या पहिल्या दोन तुकड्या जानेवारी १९४४मध्ये मुंबईत उतरल्या आणि त्यांचा तळ पडला केडगावला. आपल्या केडगावला! दौंड सोडून पुण्याकडे निघालं की लागतं ते, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. सोलापूर-पुणे गाडीनं मी ते शेकडो वेळा ओलांडलंय. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, सापडलं. सोलापूरचा शिपाई, रेल्वेनं तीन-चार तासांवर कमांडोंची छावणी, आणि घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलेला शब्द. आणखी काय पुरावा हवा? त्यानंतर दर वेळी गाडी केडगावला आली की मी उठून दारात उभी राहायचे. बाहेर उसाचे फड, गुऱ्हाळाचा धूर, फाटकाशी थांबलेले ट्रॅक्टर. त्यांच्यामधून मी तात्यांना चालवत नेत असे.

त्या ब्रिगेडमागे मी ब्रह्मदेशातल्या आराकानपर्यंत गेले. कांगॉ गावाजवळ १७० नंबरची एक टेकडी आहे. तिथे ३१ जानेवारी १९४५ला जॉर्ज नोलंड नावाच्या तरुण लेफ्टनंटनं चोवीस माणसांनिशी सुमारे तीनशे जपानी सैनिकांना थोपवून धरलं आणि तो तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या माणसांच्या नातवंडांनी जो शोध घेतलाय तो पाहून माझे डोळे भरून आले. कोण कोणत्या बोटीनं आला, कुणाच्या फोटोत कोण डावीकडून तिसरा, कुणाची टोपी कुणाच्या कपाटात आहे, सगळं त्यांनी जमवलंय. आपल्याकडे एका फोटोतल्या आठ माणसांत आपला माणूस ओळखता येत नाही.

पण तात्या त्यांत नव्हते. त्या तुकड्या ब्रिटिश सैन्याच्या आणि रॉयल मरीन्सच्या. मराठा पलटणीत भरती झालेला शिपाई त्यांत जात नसे. वाळवीतून वाचलेल्या डिस्चार्जच्या पानावर ‘५ मराठा एल. आय.’ एवढं स्पष्ट होतं. ते मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं आणि तरी बाजूला ठेवलं होतं, कारण मला कमांडोच हवे होते.

शेवटी आत्याकडे गेले. ती बार्शीला असते, पंचाहत्तरीची आहे, आणि घरातलं सगळं तिला तारीखवार आठवतं. मी आधी तिच्याकडे का गेले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. घरातल्या लढाईच्या गोष्टी बायकांना काय विचारायच्या, हा समज माझ्याही मनात कुठेतरी मुरलेला होता. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली,

“कमांडो? त्यो शब्द तात्यांचा न्हवंच. त्यो तुझ्या बापाचा.”

तिनं सांगितलं ते असं. डिसेंबर १९७१. गिरणीच्या चाळीत शेजाऱ्यांकडे रेडिओ. बांगलादेशच्या लढाईत टांगाईलला आपलं सैन्य विमानातून उतरल्याची बातमी आली. तात्या उंबऱ्यात बसून ऐकत होते. ऐकता ऐकता म्हणाले, “त्यात आपली मराठा माणसं हायत.” हे खरं होतं, आता मला माहीत आहे. ११ डिसेंबरला टांगाईलला उतरलेली दुसरी पॅरा बटालियन ही मुळातली तिसरी मराठा. पुढे अण्णांनी विचारलं, तुम्ही पण विमानातनं उडी मारली का? तात्या म्हणाले, “न्हाई. मी छत्रीवाल्यांच्या संगं हुतो.” अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी छत्रीवाल्यांच्या संगतीतून थेट कमांडो केला, आणि तात्यांनी तो कधी खोडला नाही. खोडायला ते फार बोलतच नसत.

“मला तर बारकी असताना वाटायचं, छत्रीवाले म्हंजे पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करतात ते,” आत्या म्हणाली. “म्हनलं, लढाईत त्येंचं काय काम?”

छत्रीवाले. या एका शब्दावर मी आत्याकडून परत आले.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि जुन्या शिपायांची कागदपत्रं तिथल्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी लागतात. ज्यांना आपल्या आजोबांचं काही शोधायचंय त्यांना मी कळकळीनं सांगेन की सगळ्यात आधी नंबर शोधा. नाव पुरत नाही. भरती करणाऱ्या कारकुनानं कानावर पडेल तसं नाव लिहिलेलं असतं, आडनावाच्या जागी कधी गाव असतं, कधी बापाचं नाव. सोलापूर तर कुठेच सापडणार नाही, सगळीकडे ‘शोलापूर’ आहे. नंबर मात्र बदलत नाही. तो डिस्चार्जच्या पुस्तकावर असतो, पेन्शनच्या कागदावर असतो, कधी ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवलेला असतो. आमचा तिथेच सापडला. पुस्तकावरचे शेवटचे दोन आकडे वाळवीनं खाल्ले होते, ते झाकणाखाली पांढऱ्या रंगात शाबूत होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एका माजी सुभेदारांनी अर्ज कसा लिहायचा ते शेजारी बसवून सांगितलं. नातं सिद्ध करायला तात्यांचा मृत्यूचा दाखला, अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला, माझा जन्माचा, अशी उतरंड लावली. काही महिन्यांनी उत्तर आलं. भरती १९४१, बेळगाव. पुढे चौथी बटालियन.

चौथी मराठा आणि छत्रीवाले. हे दोन शब्द शेजारी ठेवल्यावर नकाशावर एकच जागा उरते. सांगशाक.

मणिपूरमध्ये उखरूलच्या खालच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरचं हे तांगखुल नागांचं गाव. मार्च १९४४मध्ये जपानी सैन्य चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघालं. त्याच सुमारास पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड, म्हणजे छत्रीवाले, जंगलातल्या सरावासाठी त्या भागात आली होती. विमानातून उडी मारायला तयार केलेली माणसं, आणि आली होती रस्त्यानं. तेविसाव्या डिव्हिजनची चौथी मराठा तिथे आधीपासून होती, ती त्यांच्या हाताखाली दिली गेली. समोरून जपान्यांची अख्खी रेजिमेंट आली. हे सगळे मागे हटत सांगशाकच्या माथ्यावर गोळा झाले आणि २२ मार्चपासून वेढले गेले.

माथ्यावर मिशनऱ्यांनी बांधलेलं एक चर्च होतं. खंदक खणायला घेतले तर तीन फुटांखाली कातळ. काटेरी तार नाही. वर जखमी माणसं, मेलेली खेचरं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी नाही. पाण्याच्या जागा खाली, आणि खाली जपानी. मग विमानं यायला लागली. दारूगोळा, अन्न आणि पाणी छत्र्यांना बांधून वरून सोडायचे. जागा एवढीशी, कडेला उतार. बहुतेक छत्र्या वाऱ्यावर सरकत पलीकडे जायच्या आणि जपान्यांच्या हातात पडायच्या.

मी हे रात्री अकराच्या सुमारास वाचत होते. वाचता वाचता थांबले. परत वाचलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि काहीही कारण नसताना दिवा लावून उभी राहिले.

पाणी आभाळातनं पडताना बघितलंय मी. पण ते समोरच्याच्या रानात पडतं.

ती म्हण नव्हती. तात्या पावसाबद्दल बोलतच नव्हते. १९७२ साली कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून एक पन्नाशीचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलांना काहीतरी सांगायला गेला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळ्यांना वाटलं की कळलं. आमच्या मुलखात पाण्याबद्दल काहीही बोला, ते लगेच कळतं. त्यामुळेच त्यांना पुढचं वाक्य बोलायची संधी मिळाली नाही. आम्ही त्याच वाक्याचं नाणं करून पन्नास वर्षं घरात वापरलं.

उशाशी ठेवलेल्या तांब्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तो दिसतोच आहे.

२६ मार्चच्या रात्री वेढ्यातून बाहेर पडायचा हुकूम आला. अंधारात, दक्षिणेच्या उतारानं, छोट्या छोट्या टोळ्या करून जंगलातून इंफाळकडे. ब्रिगेडची सहाशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. छत्रीवाल्यांची १५२वी बटालियन तर जवळजवळ संपली. त्या पाच दिवसांत एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडून नकाशा हाती लागला, त्यावर कोहिमाकडे जाणाऱ्या सैन्याची आखणी होती. तो वेढ्यातून बाहेर काढून इंफाळला पोचवला गेला. ४ एप्रिलला कोहिमाची लढाई सुरू झाली, आणि तिच्या आधीचे हे थोडे दिवस सांगशाकनं मिळवून दिले. तरी कितीतरी वर्षं त्या ब्रिगेडला पळून आलेली माणसं म्हणून हिणवलं गेलं. तात्यांना घरात दाद मिळाली नाही याचं मला दुःख होतं. पलटणीलाही ती वेळेवर मिळाली नव्हती, हे कळल्यावर ते दुःख वाढलं.

ते त्या माथ्यावर होते असं सांगणारा कागद माझ्याकडे नाही. लंडनजवळ क्यूला ब्रिटनचं अभिलेखागार आहे, तिथे ‘डब्ल्यू ओ १७२’ या मालिकेत आग्नेय आशियातल्या पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत. माझ्या ऑफिसातल्या एका ताईंची मुलगी तिकडे शिकते, तिनं एक दिवस घालवून मला पानांचे फोटो पाठवले. जागा, तारीख, वेळ, काय घडलं, असे रकाने. अधिकारी नावानं येतात. शिपाई येतात ते आकड्यात. ‘आय. ओ. आर.’ आणि पुढे संख्या. इंडियन अदर रँक्स, म्हणजे बाकीचे. पान पान बघताना मी त्या संख्यांवरून बोट फिरवत होते. यातल्या कुठल्या तरी एकात तात्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं. जे मेले त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं जपली आहेत. ब्रह्मदेशाच्या लढाईत ज्यांचा देहही सापडला नाही त्यांची सत्तावीस हजारांच्या आसपास नावं यांगूनजवळच्या स्मारकाच्या खांबांवर कोरली आहेत. ज्यांनी मोठा पराक्रम केला त्यांची पदकं आहेत, इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावात आहे. पण जो लढला, पदक मिळण्याइतकं कुणाच्या डोळ्यांसमोर काही केलं नाही आणि जिवंत परत आला, त्याला शोधणं सगळ्यात अवघड. त्याच्यासाठी एकच अभिलेखागार होतं, ते म्हणजे त्याचं घर. आणि घरानं विचारलं नाही.

का विचारलं नाही, याचंही उत्तर मला सोलापुरातच मिळालं. हे चार हुतात्म्यांचं गाव. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथे एवढा उठाव झाला की सरकारला १२ मेला मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेची लगबग असते तेव्हाच तो दिवस येतो, आणि आम्ही पुतळ्यांना हार घालून पुढे सिद्धरामेश्वराच्या नंदीध्वजांना जातो. माझ्या आईच्या वडिलांनी १९४२च्या मिरवणुकीत लाठी खाल्लेली होती, डोक्यावरची खूण ते अभिमानानं दाखवायचे. अशा गावात, अशा सोयरिकीत, सरकारच्या पलटणीत पगारावर गेलेल्या माणसानं काय दाखवायचं? दोन एकर कोरडवाहू आणि घरात चार भाऊ, एवढंच त्यांचं कारण होतं. लढाईत गेलेला सोलापूरचा दुसरा माणूस सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमींची सेवा करत ९ डिसेंबर १९४२ला गेले, त्यांचं स्मारक इथे आहे, आणि असायलाच हवं. तात्यांसारख्यांची जागा या सगळ्यांच्या मधे कुठे तरी आहे, पण ती कुणी आखून दिलेली नाही.

अण्णांनी शाळेत असताना एकदा तात्यांना विचारलं होतं, “तुम्ही नेताजींच्या माणसांवर गोळ्या झाडल्या का?” आत्याला तो दिवस आठवतो. तात्या ताटावरून उठले आणि बाहेर गेले. सांगशाकनंतर तीन आठवड्यांच्या आत, १४ एप्रिल १९४४ला, इंफाळच्या दक्षिणेला मोइरांगमध्ये आझाद हिंद सेनेनं तिरंगा फडकवला. एकाच खोऱ्याच्या भोवती आपलीच माणसं दोन्ही बाजूंना होती. त्या प्रश्नाचं उत्तर तात्यांपाशी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराला ते कसं द्यायचं, हे त्यांना सुचलं नसणार. त्याऐवजी तो पोरगा शाळेत ‘कमांडो’ म्हणून मिरवत होता तर मिरवू दिलं.

आता प्रश्न होता तो अण्णांना सांगण्याचा. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत, एसटीतून निवृत्त झालेत. लग्नाकार्यात नवीन पाहुणा भेटला की अजूनही पाचव्या मिनिटाला त्यांचं वाक्य येतं. ते मी कशासाठी काढून घेऊ? दोन महिने मी गप्प राहिले. मग एका रविवारी संध्याकाळी ते गच्चीवर टाकीत पाणी किती आलंय ते बघून खाली आले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यांनी मनगट झटकत सवयीनं तात्यांचं ते वाक्य म्हटलं, आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. नकाशा दाखवला. केडगावही सांगितलं, आत्याचं छत्रीवाल्यांचंही. कमांडो हा शब्द मी शक्यतो टाळत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

ते खूप वेळ नकाशाकडे बघत बसले. मोबाइलवर दोन बोटांनी डोंगर मोठा करायचे, परत लहान करायचे.

“मी चौदा वर्षांचा होतो,” ते म्हणाले.

“हो.”

“मला विचारायचं होतं त्यांना, छत्रीवाल्यांच्या संगं म्हणजे काय करत होता. पण आधी शाळेत सांगून मोकळा झालो. मग विचारायची भीती वाटली. ते नाही म्हणाले असते तर?”

मी काही बोलले नाही. आई दिवा लावायला उठली. त्यांनी पुन्हा नकाशा जवळ घेतला आणि माथ्यावरून खाली, दक्षिणेकडे बोट नेलं.

“सव्वीसच्या रात्री इकडनं उतरले म्हणालीस?”

“हो. या बाजूनं. इंफाळकडे.”

“म्हणजे पाच दिवस झाले होते.”

“हो.”

“एवढा मोठा डोंगर आहे,” अण्णा म्हणाले. “दोन डोंगरांच्या मधे ओढा असतोच. मार्चमध्ये आपल्याकडचा आटतो, तिकडचा नाही आटणार. झाडी आहे.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “खाली उतरल्यावर प्यायला मिळालं असेल गं त्यांना.”